मला धुऊ नका

मित्रांनो, मी कमलाबाईंची पांढरी साडी. सुती, बारीक निळ्या काठाची, आणि आता बरीच जुनी. नागपूरकडच्या एका हातमागावर मी विणली गेले. दसऱ्याला दीक्षाभूमीवर दुकानं लागतात, तिथून कमलाबाईंनी मला घेतलं. दुकानदाराने रंगीत साड्यांचा ढीग पुढे टाकला होता, पण त्यांनी बोट ठेवलं ते माझ्यावर. याचा मला आजही थोडा गर्व आहे.

माझं काम साधं होतं. पौर्णिमेला बुद्धविहारात वंदनेला जायचं. तिथे पांढरं नेसतात, आणि डागाचं पांढरं नेसून कोणी बसत नाही. तेव्हा आम्ही रायपुरात गुढियारीला राहायचो. कमलाबाईंचे पती धर्मपालजी रेल्वेत नोकरीला होते. कमलाबाई मला हाताने धुवायच्या, नीळ द्यायच्या, खळ घालायच्या. विहारातल्या बायका माझा पदर चाचपून विचारायच्या, "कमलाताई, साबण कोणता वो तुमचा?" सुखाचे दिवस होते ते.

धर्मपालजी निवृत्त झाले आणि त्यांनी शहराच्या कडेला, उरला नावाच्या भागात घर बांधलं. नव्या गच्चीवर मला पहिल्यांदा वाळत घातलं, आणि संध्याकाळी काढलं तेव्हा माझ्या अंगभर बारीक काळी भुकटी बसली होती. कमलाबाईंनी आधी कावळ्यांना शिव्या दिल्या, मग शेजारणीच्या चुलीला. बिचारे कावळे! गच्चीवर अनवाणी चाललं की तळवे काळे होत होते, आणि कारखान्यांची धुराडी तर समोरच दिसत होती. मी आठवड्यातून दोनदा धुतली जाऊ लागले, विरू लागले. पण माझं सोडा. घरात दीक्षा होती, कमलाबाईंची नात. तिच्या छातीत शिट्टी वाजू लागली. दोन उड्या मारल्या की ती पायरीवर बसायची आणि तोंडाला औषधाचा पंप लावायची. ते बघताना माझा जीव कासावीस व्हायचा.

धर्मपालजींचा मात्र पेपरावर फार विश्वास. "हवा चांगली आहे म्हणून छापून आलं," ते म्हणायचे. "चौकात हवा दाखवणारी पाटी आहे, तिच्यावरही हिरवं दिसून राहिलं. एवढे मोठे लोक खोटं काहून बोलतील?"

"ते मले नाही माहीत," कमलाबाई म्हणायच्या. "तुम्ही पेपर घरात वाचता. साडी वर वाळते."

पुढे तिथल्या एका कारखान्याला आणखी एक भट्टी लावायची होती. अशा वेळी सरकारी साहेब वस्तीतल्या लोकांना बोलावून त्यांचं म्हणणं विचारतात, त्याला इकडे जनसुनवाई म्हणतात. कमलाबाईंनी ठरवलं, आपण बोलायचं. नुसतं बोलून कोण ऐकणार? म्हणून त्यांनी मला आठवडाभर दोरीवर तसंच ठेवलं. मग न झटकता घडी घालून पिशवीत भरलं. मला फार लाज वाटत होती, पण काम मोठं होतं. दीक्षाच्या श्वासाची साक्ष द्यायची होती.

आणि मित्रांनो, तिथेच घात झाला. घरची सून सोनिया मायाळू बाई. आदल्या दिवशी तिला पिशवी सापडली. सासूबाई मोठ्या साहेबांपुढे अशी साडी नेसून जाणार, या विचाराने ती कळवळली. तिने मला घासून धुतलं, नीळ दिली, खळ दिली, इस्त्री केली. सकाळी मोठ्या कौतुकाने तिने मला पुढे धरलं. "आई, पहा, कशी निघाली!"

कमलाबाईंनी कपाळावर हात मारला आणि मला कशासाठी काळं ठेवलं होतं ते सांगितलं. सोनियाला कळलं तेव्हा ती रडू लागली. "तुझी चूक नाही बाई," कमलाबाई म्हणाल्या. "आपल्यात कोणीही धुतलीच असती." आणि त्या मलाच नेसून निघाल्या.

मोठा मांडव होता, थंड पाण्याच्या बाटल्या होत्या. पुढच्या खुर्च्यांवर कारखान्याची माणसं बसली होती. कमलाबाईंनी माईकसमोर हात जोडले, जय भीम म्हटलं आणि सांगितलं, "साहेब, ही साडी काल काळी होती. अशीच काळी भुकटी माझ्या नातीच्या छातीत जाते. आम्हाला ही भट्टी नको."

साहेब हसले. "अम्माजी, साड़ी तो एकदम साफ है।" सगळा मांडव हसला. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला. हात जोडलेल्या कमलाबाई, आणि खाली ओळ: नव्या भट्टीच्या स्वागताला शुभ्र वस्त्रात आलेली महिला.

धर्मपालजींनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. ते स्वतः काल त्या मांडवात होते. बायको काय बोलली ते त्यांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं. त्यांनी चहाला हात लावला नाही. मग मला उचललं, पेपर उचलला आणि गच्चीवर गेले. मला दोरीवर घातलं. माझ्याखाली पेपर उघडा पसरला, फोटो वर ठेवून, चारी कोपऱ्यांवर विटांचे तुकडे.

"काय करून राहिले तुम्ही?" कमलाबाईंनी जिन्यातून विचारलं.

"पेपरही वरच वाचतो आता," ते म्हणाले.

आठवड्याने सगळे वर आले. मी पुन्हा काळी झाले होते. आणि पेपरातली ती शुभ्र साडीसुद्धा काळी झाली होती. धर्मपालजींनी दोघींची घडी घातली, झटकली नाही.

भट्टीला अजून मंजुरी नाही, फाइल नवा रायपूरच्या सरकारी कचेरीत आहे. सोमवारी धर्मपालजी आणि कमलाबाई आम्हा दोघींना घेऊन तिकडे जाणार आहेत. साहेब भेटतील की नाही, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे मागतात की आम्हाला जपा, स्वच्छ ठेवा. मी उलटं मागते. पेपर जरूर वाचा, पाटीही बघा, पण मग एकदा आपल्या गच्चीवरचा कपडाही बघून या. आणि मला धुऊ नका. दीक्षाने पिशवीवर जाड पेनाने लिहूनच ठेवलं आहे: "धोना मना है।" एवढं लिहून होईपर्यंत तिला दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला.