दगडाखालचा कोळसा

लोकअदालतीच्या दिवशी तेल्हाऱ्याच्या कोर्टात माणिकबाईंच्या वकीलसाहेबांनी त्यांच्यापुढे तडजोडीचा कागद सरकवला.

"करा सही. विहीर सूर्यभानची, आठवड्यातून दोन दिवस पाणी तुमचं. न्यायाधीशांनी विचारलं की फक्त 'हो' म्हणा."

माणिकबाईंनी पेनाला हात लावला नाही. विहीर त्यांच्या नवऱ्यानं खणली होती. तो गेला त्याच उन्हाळ्यात शेजारच्या सूर्यभाननं धुऱ्यावरचा हद्दीचा दगड ट्रॅक्टरनं ओढून पंचवीस फूट अलीकडे आणला आणि विहीर आपल्या शेतात घेतली. सहा वर्षं झाली. त्याची मोटार चालायची आणि बाईंची कपाशी उभ्या उभ्या वाळायची.

"सही करत नाही मी."

"पुरावा काय आहे तुमच्याजवळ?"

"तुमी इचारलं कवा?"

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग दुसरा वकील पाहा."

"पायते. पण तुमची ना-हरकत लिवून द्या. आत्ताच."

सहा वर्षं कोर्टाच्या व्हरांड्यात बसून बाई तेवढं शिकल्या होत्या.

आवारात निंबाखाली टेबल टाकून मिस्बाह नावाची तरुण वकील बसायची. तिनं कागद चाळले.

"मावशी, फीची काळजी सोडा. बाईमाणसाले सरकारी खर्चानं वकील मिळते, तसा अर्ज करू. पहिले हे सांगा, दगड कुठं होता हे तुमाले कसं माहीत?"

"कसं म्हंजे? कोळशाची टोपली मीच नेली होती डोक्यावर!"

नवी नवरी होत्या तेव्हा त्या. सासऱ्यानं आणि सूर्यभानच्या बापानं मिळून गुडघाभर खड्डा खणला, त्यात कोळसा आणि फुटक्या माठाची खापरं भरली, वर माती लोटून दगड बसवला. कोळसा सडत नाही. दगड हलला तरी जागा बोलते, म्हणून जुनी माणसं असं करत. सूर्यभान तेव्हा शाळेसाठी अकोल्याला मामाकडे होता.

मिस्बाहचं पेन थांबलं. "हे तुमी त्या वकिलाले सांगतलं नाही?"

"एवढा शिकलेला मानूस! त्याले मी काय सांगू? वाटलं, माहीतच असन. आन कोर्टात आपला वकील बोलते, आपण हात जोडून उभं राहावं."

"हात जोडायचे नाहीत आता. मी जे लिहीन ते तुमाले वाचून दाखवीन. समजलं नाही तर मले थांबवायचं."

मिस्बाहच्या अर्जावरून कोर्टानं नेमलेला कमिशनर मार्चमध्ये जागा तपासायला शेतात आला. साऱ्यांदेखत गावातल्या नत्थुजी मजुरानं कुदळ मारली. पहिल्या खड्ड्यात काहीच नाही.

"काहून वं माणिकबाई," सूर्यभान हसला, "म्हातारपणी खजिना शोधून राहिली का?"

"माहाच हाय. सापडल्याबिगर जात नाही."

त्या विहिरीच्या काठाशी गेल्या, पाठ करून उभ्या राहिल्या आणि पावलं मोजत निघाल्या. थांबल्या. "इथं."

काळ्या मातीत काळा कोळसा चटकन दिसेना. आधी लाल खापर वर आलं. मग नत्थुजीची बोटं काळी झाली.

सूर्यभानचा आवाज चढला. "कोळसा कुठंबी निघते!"

"मंग खंद ना तुया दगडाखाली. त्यायलेबी पाहू दे."

तोही दगड उलटवला. कंबरेइतकं खणलं. नुसती माती.

कमिशनरनं बांधावर बसून पंचनामा लिहिला आणि शाईचा पॅड पुढे केला. "बाई, अंगठा लावा."

"आधी वाचा."

त्यानं मिस्बाहकडे पाहिलं. मिस्बाहनं बाईंकडे बोट दाखवलं. त्यानं वाचलं.

"इहीर कोन्या बाजूले आली, थे नाही लिवलं तुमी."

त्यानं ती ओळ घातली: विहीर माणिकबाईच्या बाजूस. बाईंनी पॅड बाजूला सारला, पेन मागून घेतलं आणि एकेक अक्षर जोडत सही केली. मग कागद परत त्याच्या हातात दिला.

"आता सूर्यभानले वाचून दाखवा. मोठ्यानं."