उत्तर उद्या

मित्रांनो, मी एका बंद पडलेल्या शाळेचा फळा. जग पांढऱ्यावर काळं करतं, माझ्या नशिबी मात्र काळ्यावर पांढरं आलं. सुताराने फळ्या सांधून मला घडवलं, काळा रंग दिला आणि वर्गाच्या भिंतीवर टांगलं.

शाळेत एकच बाई होत्या. त्यांचा हात भारी. खडू टेकला की टक् असा आवाज व्हायचा आणि कुजबुज थांबायची. त्यांची मुलगीही त्याच वर्गात होती आणि इतरांसारखीच आईला 'बाई' म्हणायची. बाई मला मायेने पुसायच्या. माझ्यासारखा भाग्यवान मीच, असं मला वाटायचं.

एकदा शाळा सुटता सुटता त्यांनी लिहिलं, 'दुपारी सावली लहान का होते?' त्याखाली लिहिलं, 'उत्तर'.

"बाई, सांगा ना!" मुलं ओरडली.

"मी नाही सांगणार. बघून या. उत्तर उद्या."

तो उद्या आलाच नाही. बाई घरी पोहोचल्या आणि छातीत कळ येऊन गेल्या. सकाळी मुलं नेहमीसारखी येऊन बसली, माझ्याकडे बघत राहिली. पुढे शाळा बंद झाली. मला पुसायला मात्र कुणाचाच हात धजला नाही.

मग मला या संग्रहालयात आणलं, वर काच बसवली, शेजारी माझं जुनं डस्टर टांगलं. बाईंची ती मुलगी मोठी होऊन इथलीच प्रमुख झाली. सगळे तिला मॅडम म्हणतात. आईच्या हातचं तिच्यापाशी एवढंच उरलं होतं. दालन उघडलं की आधी ती माझ्यासमोर उभी राहायची.

दुपारी दालन रिकामं झालं की मला आवाज यायचा. टक्. अक्षर उमटायचं नाही. 'उत्तर'च्या पुढे कुणीतरी खडू टेकवून थांबल्यासारखं वाटायचं. भीती नाही वाटायची, पण जीव कासावीस व्हायचा.

मध्यंतरी शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. संग्रहालयात मुलांना कसं शिकवावं, ते शिकायला मंडळी आली होती. मॅडमनी माहितीच्या पाट्या कागदाने झाकल्या. नीट दिसावं म्हणून माझी काचही काढली.

"आधी नुसतं बघायचं," त्या म्हणाल्या. "मुलांना उत्तर द्यायची घाई नको."

पण शिक्षकच ते! प्रश्न विचारायचे आणि उत्तरही आपणच द्यायचे. मग मॅडमनी एका शिक्षिकेला माझ्यासमोर पाठ घ्यायला सांगितलं. ती माझ्यापुढे आली, "चला, सुरू करू या," म्हणाली, डस्टर उचललं आणि मला पुसून टाकलं.

"अहो!" मॅडम धावल्या. तोवर सगळं संपलं होतं. "माझ्या आईचं अक्षर होतं ते."

शिक्षिकेचा चेहरा पांढराफटक पडला. "हाताला सवय हो... तास सुरू करायचा की आधी फळा पुसायचा. मी वाचलंसुद्धा नाही."

"पुन्हा लिहू या का?" कुणीतरी विचारलं.

"नको," मॅडम म्हणाल्या. "ते आईचं होणार नाही." रागावल्या नाहीत त्या, नुसत्या खाली बसल्या. ते मला बघवेना.

काही दिवसांनी तीच शिक्षिका आपला वर्ग घेऊन आली. या वेळी हात पाठीमागे घट्ट बांधून उभी राहिली.

"काय दिसतं?" एवढंच तिने विचारलं.

"काहीच नाही!" मुलं म्हणाली. ती तरीही गप्प. तेवढ्यात खिडकीतून तिरकं ऊन माझ्यावर आलं. एका मुलीने मान वाकडी केली.

"बाई, इथे लिहिलंय! दु...पारी... सावली लहान का होते?"

माझ्या बाईंचा हात भारी होता ना! खडू गेला, पण त्याची रेघ माझ्या रंगात रुतून राहिली होती.

"का होते हो?" सगळा वर्ग विचारू लागला. शिक्षिकेने तोंड उघडलं, मिटलं आणि दाराकडे पाहिलं. दारात मॅडम उभ्या होत्या.

"बघून या," त्या म्हणाल्या. "उत्तर उद्या."

मित्रांनो, पुसलं जाणं हा माझा धर्मच आहे, त्याची तक्रार नाही. पण पुसण्याआधी एकदा वाचा. कुणाचा तरी प्रश्न तिथे वाट बघत असतो.

दुसऱ्या दिवशी ती मुलं उत्तर घेऊन खरोखरच आली, ओरडत, एकमेकांना ढकलत. त्या दुपारी टक् असा आवाज आला नाही. त्यानंतरही कधी आला नाही. मी मात्र अजून कान देऊन असतो.