घरातल्या घरात

सहा वर्षांत निकिताच्या इतक्या तपासण्या झाल्या होत्या की बाईच्या अंगात अजून काय तपासायचं उरलं असेल, असा तिलाच प्रश्न पडायचा. रक्त झालं, थायरॉईड झालं, बीज कधी फुटतं ते बघायला सोनोग्राफीच्या चकरा झाल्या, नळ्या उघड्या आहेत का ते पाहायला आत औषध सोडून एक्स-रे झाला. सगळं ठीक निघालं. पण सासू मुक्ताबाईला ठीक म्हटलेलं पटेल तर ना. गल्लीत चार बायका जमल्या की ती हमखास म्हणायची, "आमच्या थोरलीचं दिसायला समदं झ्याक हाय बघा, पिकायचं तेवढं न्हाय."

धाकटा दीर बसवेश, त्याची बायको सोनाली आणि त्यांची दोन लेकरं याच घरात राहत. त्यांच्या दुसऱ्या लेकराच्या बारशाला सगळा स्वयंपाक निकितानं केला, आणि पाळण्याशी जायची वेळ आली तेव्हा मुक्ताबाईनं तिला वरण बघायला चुलीकडं धाडलं. सोनालीनंच नंतर पोरगं आणून गुपचूप तिच्या मांडीवर ठेवलं. त्या घरात निकिताला कुणाचा आधार असेल तर या जावेचा.

नवरा शंभुलिंग सास्तूरच्या वस्त्यांवर गाई-म्हशी भरवायचा. मोटारसायकलीला नायट्रोजनचं भांडं बांधलेलं, त्यात वळूच्या रेताच्या कांड्या. कुणाची गाय माजावर आली की याला फोन. गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, आणि शेतकरी तिला शिव्या घालू लागला की हा शहाणा समजवायचा, बाबांनो, गाईला बोल लावू नका, कधी कधी दोष कांडीत असतो. एवढं ज्ञान बाहेर वाटणारा माणूस! घरात मात्र तोंड शिवलेलं. उमरग्याच्या डॉक्टरीणबाई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या की जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडंही काहीतरी कारण सापडतं, त्याची तपासणी सगळ्यात सोपी, ती आधी करा. गड्यानं ते कानाआड केलं. पुढं कधीतरी घरून बाटलीत नमुना घेऊन एकटाच गेला, आणि रिपोर्ट आला उत्तम. मग मुक्ताबाईला रानच मोकळं झालं. निकितालाही वाटलं, यंत्राला न दिसणारी काहीतरी खोट आपल्यातच असेल. पोटाला भोकं पाडून दुर्बिणीनं आत बघायचं ठरलं, तेसुद्धा तिनं निमूट करून घेतलं.

यंदा काही झालं नाही तर माहेरी पोचवीन, असं सासूनं आता उघड सांगून टाकलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बीज फुटायच्या वेळी नवऱ्याचं वीर्य धुऊन, त्यातलं जोमदार तेवढं बारीक नळीनं गर्भाशयात सोडून बघू. शंभुलिंगाला हे समजावून सांगायची गरज नव्हती.

ठरल्या दिवशी तो पहाटेच कुणाच्या तरी गाईला म्हणून रानात गेला होता. परतला तो गाडी बंदही न करता अंगणातच थांबला, निकितानं दिलेला चहा उभ्याउभ्या प्याला आणि "बस" म्हणाला. ती मागं बसत होती तेवढ्यात बसवेशनं खोलीतून येऊन रुमालात गुंडाळलेलं काहीतरी भावाच्या हातात दिलं. एरवी वहिनी वहिनी करणारा माणूस, पण त्यानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. शंभुलिंगानं ते सदऱ्याच्या आत, अंगाशी धरून ठेवलं.

दवाखान्यात रुमालातून बाटली निघाली. नर्सनं विचारलं, "नमुना कधी काढला?"

"निघायच्या आधी. घरी," शंभुलिंग म्हणाला.

निकिता त्याच्याकडं बघतच राहिली. नर्स आत गेल्यावर तिनं त्याला व्हरांड्यात ओढलं.

"तुम्ही तर रानातनं आलात अन् तसंच निघालो. घरात पाय बी टाकला न्हाय. कधी काढला?"

"काढला की."

"भावजींनी काय दिलं तुमाला?"

शंभुलिंग भिंतीवरच्या गुबगुबीत बाळाच्या फोटोकडं बघत म्हणाला, "घरचंच हाय."

तिला काही क्षण कळलंच नाही. कळलं तेव्हा ती त्याच्यापासून दोन पावलं मागं सरकली.

"रक्त एकच हाय, निकिता. माझ्यात जीव न्हाय. लग्नाच्या दुसऱ्या वर्सालाच सोलापूरला बघून आलतो. एक बी न्हाय म्हनले."

"अन् इथला रिपोर्ट?"

"त्यो बी बसूचाच."

"आत्याबाईला ठावं हाय?"

"हे मायनंच सुचवलं."

निकिताला रडू आलं नाही. संताप आला. सगळं माहीत असून त्या बाईनं तिला अंगारे चाटवले होते, सोमवार धरायला लावले होते, येडशीच्या रामलिंगाला अनवाणी चालवलं होतं. आणि हा तिच्याच शेजारी झोपत होता.

"मला इचारायचं तरी."

"तू न्हाय म्हनली असतीस." हे त्यानं इतक्या सरळपणे सांगितलं, जणू त्यात गैर काही नव्हतं. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "जा आत. धा मिंटाचं काम हाय. समद्यांची तोंडं बंद हुतील, तुझं बी घर ऱ्हाईल. कुनाला कळनार हाय?"

"मला कळंल की," निकिता म्हणाली आणि सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरली. "म्याडम, त्या बाटलीतलं ह्यांचं न्हाय. दिराचं हाय. मागचं बी."

डॉक्टरीणबाईंनी शंभुलिंगाला आत बोलावून असा झाडला की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दाराशी आली. "शून्य आलं म्हणून सगळं संपतं का? कधी नळी बंद असते, कधी हार्मोन कमी असतात, त्याला औषध आहे. कधी सुईनं आतून शुक्रजंतू काढून बाहेर बीजाशी जुळवता येतात. काहीच नाही जमलं तर बँकेतून घेता येतं, अनोळखी माणसाचं, दोघांच्या लेखी संमतीनं. हे असलं घरातल्या घरात कायद्याला चालत नाही. आणि हिला ती भूल, ते ऑपरेशन, कशासाठी हो? तुम्ही खरं सांगितलं असतंत तर मी हिच्या पोटाला हात लावला नसता."  नर्स बाटली टाकायला निघाली तेव्हा शंभुलिंग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की जरा." बायको अजून ऐकेल, अशी त्याला आशा होती.

निकिता बाहेर पायरीवर येऊन बसली. मागोमाग तोही आला. त्याचा फोन वाजला, मायचा. तो उचलेना, तेव्हा तिनंच हातातून काढून घेतला.

"झालं का रं?"

"मी हाय, आत्याबाई."

मुक्ताबाईचा आवाज एकदम मऊ झाला. असा आवाज निकितानं या घरात आल्यापासून ऐकला नव्हता. "लई हालू नगं गं बाय. पडून ऱ्हा तासभर. आल्यावर सांजा करून देते तुला."

"सोनाली कुठं हाय?"

"हितंच हाय, पोराला न्हाऊ घालतीय. का गं?"

"तिला फोन द्या."

"तिच्याकडं काय काम हाय तुजं?"

"तिच्या नवऱ्याचं काम हाय. मला इचारलं न्हाय ते न्हाय, तिला तरी इचारलं व्हतं का, ते बघते."

 मागून सोनालीचा आवाज आला, "कोन, अक्का हाय का? काय म्हनले डॉक्टर?" शंभुलिंग फोन घ्यायला वाकला. निकितानं त्याचा हात झटकला आणि रस्त्यावरची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं हाक मारली, "सोनाली, फोन घे."