एकाच बघणारीचं चॅनल

सुंदरबाई आणि तिची धाकटी जाऊ छबुबाई यांचं बोलणं बंद होऊन चौथं वर्ष लागलं होतं. आता अबोला म्हणजे तोंड मिटून बसणं, असा ज्यांचा समज असेल त्यांनी नेकनूरच्या अलीकडं असलेल्या या गावात येऊन एक सकाळ काढावी. दोघींच्या अंगणांच्या मधे एक भिंत. अलीकडं सुंदरबाई शेळीला पाणी दाखवताना मोठ्यानं म्हणायची, "काय गं बये, राती टीव्हीच्या आवाजानं तुला बी झोप न्हाई आली न्हवं?" लगेच पलीकडून छबुबाई कोंबड्यांना सांगायची, "खा गं बायांनो. ज्यांच्या पोटात पाप असतं त्यांनाच झोप येत नसती." शेळी पाणी प्यायची, कोंबड्या दाणे टिपायच्या. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथं लेकीच्या जागी शेळी होती एवढाच फरक.

भांडण लग्नातल्या साडीवरून झालं. सुंदरबाईच्या मुलाचं, हनुमानचं लग्न होतं. मानाच्या साड्यांचा ढीग आणि देण्याघेण्याच्या साड्यांचा ढीग शेजारी शेजारी लावलेले. घाईत हात चुकला, आणि सख्ख्या जावेच्या हातात पहिल्याच पाण्याला रंग सोडणारी साडी पडली. दुसऱ्या दिवशी छबुबाईनं ती भिंतीवरून अलीकडं फेकली. सुंदरबाई खरं तर 'चुकलं बाई' म्हणायलाच निघाली होती, पण साडी नेमकी तिच्या तोंडावर आली. मग तो शब्द जो आत गेला तो आतच राहिला.

तेव्हापासून सुंदरबाईची फार अडचण झाली. तिला बोलायला लागायचं, आणि बोलायला माणूस लागायचं. नवरा राधाकिशन ऐकायचा, पण कसा? "हं" म्हणून. ज्वारीला भाव आला, हं. शेळी गाभण हाय, हं. एकदा तिनं मुद्दाम "न्हाणीत नाग निघालाय" असं सांगून पाहिलं, तरी हं. मुलगा सकाळच्या एसटीनं बीडला कामाला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. आयुष्यभर तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं ते एका छबूनं. मधे मधे खोडे घालत, नाकं मुरडत, पण पुरतं ऐकून घेतलं. हे सुंदरबाईनं कुणाजवळ कबूल केलं नव्हतं. शेळीजवळही नाही.

सून वैष्णवी अंबाजोगाईला शिकलेली. सासूची ही बडबड वाया जाते हे पाहून तिनं युक्ती काढली. फोन चुलीसमोर उभा केला आणि सांगितलं, "आत्या, सैपाक करता करता बोला. लोक बघतील." सुंदरबाई बोलली. लोकांनी काही बघितलं नाही. माहेरचे चारदोन जण, हनुमानचे मित्र, आणि एक जण बहुतेक चुकून आलेला.

तेव्हा वैष्णवीनं एआयला विचारायचं ठरवलं. "स्वयंपाकाच्या चॅनलसाठी कल्पना सुचव," असं तिनं लिहिलं, आणि क्षणात लांबलचक यादी आली. ओट्सचे डोसे, मुलांच्या डब्यासाठी पास्ता, एअर फ्रायरमधली भेंडी.

"एअर तर हिरीवरल्या मोटारीला धरतंय," सुंदरबाई म्हणाली. "त्यात भेंडी कशी तळायची?"

"आत्या, आपलंच चुकलं. आपण कुणासाठी करायलोय ते त्याला सांगितलंच न्हाई. ते बगा काय इचारायलंय." वैष्णवीनं वाचून दाखवलं. "तुमचा प्रेक्षक नेमका कोण आहे? एकच व्यक्ती डोळ्यांसमोर आणा. तिचं वय, दिवस कसा जातो, अडचणी काय, आवडीनिवडी काय, ते मोकळेपणानं सांगा."

"एकच बाई?"

"एकच."

सुंदरबाईनं भिंतीकडं पाहिलं. मग पदर खोचला, आणि बांध फुटावा तशी सुटली.

"लिही. साठी कवाच गाठली, पण इचारलं की पन्नाशीतच घुटमळती. गुडघे गेलेत तरी दवाखान्यात जायला नको, चिकट मुलखाची. धनी गेल्यापास्नं घरात एकटीच. दोन दिवसाचं कोरड्यास एकदाच करती अन शिळं खात बसती. टीव्ही असा लावती की गल्लीला वाटावं जत्रा हाय. पोरगं पुण्याला, महिना महिना फोन करीत न्हाई, पण ही सांगती रोज करतो म्हणून. अन दुसऱ्याच्या सैपाकाला नावं ठेवल्याबगर हिच्या घशाखाली घास उतरत न्हाई. लिहिलं का सगळं?"

वैष्णवीनं ओठ चावत सगळं लिहिलं. नाव तेवढं लिहिलं नाही, आणि लिहायची गरजही नव्हती. थोड्या वेळानं उत्तर आलं, ते तिनं मोठ्यानं वाचलं.

"छान! तुमच्या प्रेक्षक ताई साठीच्या आसपासच्या असून स्वाभिमानी आहेत."

"स्वाभिमानी? मी असं म्हणलं का? खोड ते."

"ऐका तर. गुडघेदुखीमुळे त्यांना फार वेळ उभं राहणं जमत नाही. एकटीसाठी रोज चूल पेटवण्याचा उत्साह त्यांच्यात उरलेला नाही. मुलाच्या फोनची त्या वाट पाहतात. घरात माणसाचा आवाज असावा म्हणून त्या टीव्ही मोठ्यानं लावत असाव्यात. त्यांना चवीची उत्तम जाण आहे."

सुंदरबाई खोड म्हणाली नाही. टीव्हीचं ते वाक्य तिनं पुन्हा वाचायला लावलं. इतकी वर्षं तो आवाज तिनं आपल्याविरुद्धचा दावा म्हणून ऐकला होता. रिकाम्या घरात संध्याकाळी कसं वाटत असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी शिव्या मोजून दिल्या आणि ह्या फोनातल्यानं त्यातून माणूस काढला, असं तिला वाटलं, आणि त्या फोनातल्याचा थोडा रागही आला.

"मग काय करा म्हणतंय?" तिनं विचारलं.

"एका माणसापुरतं वरणफळ. खाली बसून करायचा सैपाक. शिळ्या भाकरीचं काहीतरी चवदार."

दुसऱ्याच दिवशी सुंदरबाईनं पाटावर बसून वरणफळ केलं. फोनकडं बघत म्हणाली, "बायांनो, एकटीसाठी काय चूल पेटवायची असं म्हणू नगा. आपला बी जीव हाय. बसून करा, गुडघ्याला तरास न्हाई." फार गोड बोलली. पण शेवटी स्वभावाला औषध नाही. "अन येसर भाजताना धने करपवू नगा. काई जणींना ती खोड हाय."

येसर म्हणजे आमटीचा मसाला, आणि करपलेल्या धन्यांची गोष्ट सगळ्या भावकीत एकाच बाईची होती. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक फोनवर ते वरणफळ शिजत होतं. पलीकडच्या घरातला टीव्ही त्या दिवशी बंद होता. भिंतीला कान लावला तर सुंदरबाईला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, एकदा, परत एकदा, आणि धन्यांपाशी तर थांबवून थांबवून.

उत्तर यायला वेळ लागला नाही. छबुबाईच्या पलीकडं विहिरींच्या जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या पाशाभाईचं घर. त्यांची अदिबा बीडच्या कॉलेजात जायची. तिनं काकीला चॅनल काढून दिलं. पहिल्याच व्हिडिओत छबुबाई येसर करत होती आणि जवळच्या कोंबडीला सांगत होती, "काई जणी आमटी उकळायच्या आदी मीठ टाकतात. अन वर चॅनल चालवतात. आपण काय बोलावं?"

मग काय, गावाला दुसरा उद्योग राहिला नाही. सुंदरबाईनं शेंगोळे केले की छबुबाई शेंगोळे कसे वळू नयेत ते दाखवायची. छबुबाईनं ठेचा केला की सुंदरबाई पाट्यावरच्या आणि मिक्सरातल्या ठेच्याचा फरक सांगायची, पलीकडं मिक्सरचा आवाज आला होता हे न सांगता सांगायची. नेकनूरच्या बाजारात अनोळखी बाया सुंदरबाईला थांबवून विचारू लागल्या, "मावशी, आज कोंबडीवाल्या बाईला काय जवाब देणार?" बघणारे इतके वाढले की वैष्णवीला हनुमानचे मित्र मोजायची गरज उरली नाही. राधाकिशनसुद्धा एकदा "हं" न म्हणता "मीठ खरंच आदी टाकतीस का?" असं विचारून बसला, आणि त्या दिवशी जेवणाला मुकला.

वैष्णवी खूश होती. सुंदरबाई मात्र दिवसेंदिवस चिडचिडी होत चालली.

"आत्या, सगळं तर चांगलं चाललंय. कावून रुसलाव?"

"चांगलं? अख्खा जिल्हा आमचं भांडण बघायलाय. मला काय जिल्ह्याला सांगायचं व्हतं का?" सुंदरबाई म्हणाली, आणि जास्त बोलून गेले असं वाटून शेळीकडं निघून गेली. तिच्याशी एकाच बाईनं बोलायला हवं होतं, आणि ती बाई आता साऱ्या मुलखाशी बोलत होती, तिला सोडून. आधी निदान कोंबड्यांमार्फत तरी खास तिच्यासाठी यायचं.

उन्हाळा तापला. घरोघरी पापड, शेवया, कुरडयांची वाळवणं सुरू झाली. एका सकाळी वैष्णवी फोन घेऊन धावत आली. "आत्या, छबूकाकी लाइव्ह हाय. आत्ता, या घडीला चालू हाय."

पडद्यावर छबुबाईचं अंगण होतं. चुलीवर पातेलं, पातेल्यात कुरडयांचा चीक. गहू भिजवून, वाटून, निवळून काढलेला तो चीक शिजत आला होता, आणि छबुबाई दोन्ही हातांनी तो घाटत होती. घाटताना तिचा गुडघा दुखतोय हे सुंदरबाईला पाय टेकायच्या तऱ्हेवरून कळलं.

"ही अदिबा," छबुबाई धापा टाकत म्हणाली, "त्या फोनातल्याला इचारती, काय दाखवावं म्हणून. ते म्हणलं, तुजी बघणारी कोण ते सांग. मी सांगितलं. बडबडी हाय म्हणलं. तोंडाला कुलूप न्हाई. सकाळी शेळीला उठवून बोलत सुटती. नवरा हं म्हणतो, पोरगं बीडला. चूक झाली तर मरंल पण चुकलं म्हणणार न्हाई." तिनं कपाळावरचा घाम पुसला. "तर ते म्हणलं, तुमच्या बघणारीचं घरात कुणी ऐकून घेत न्हाई. तिला असं काम दाखवा जे एकटीनं व्हत न्हाई. जे करताना दोघी जवळ बसतात अन बोलतात."

सुंदरबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आपलं सगळं उघडं पडलं म्हणून तिला लाज वाटली, आणि कुणीतरी आपल्याकडं इतकं नीट बघत होतं म्हणून डोळे भरून आले. दोन्ही एकदमच झालं, त्यामुळं ती फक्त नाक ओढत राहिली.

छबुबाईनं पातेलं खाली उतरवलं. सोऱ्या हातात घेतला आणि फोनकडं बघितलं. "तर ह्या कुरडया. एकीनं चीक भरायचा, दुसरीनं दाबायचं. हितं दुसरी बाई न्हाई. म्हणून आज एवढंच." आणि ती सोऱ्या मांडीवर ठेवून खरोखरच बसून राहिली. अदिबानं फोन तसाच चालू ठेवला.

खाली कमेंटांचा पाऊस. पुढचं दाखवा. काकी, असं मधेच काय सोडता? सुंदरबाईला ते वाचता येत नव्हतं आणि वाचायचंही नव्हतं. तिची नजर पातेल्यावर होती. वाफ कमी होत चालली होती. चीक गरम आहे तोवरच सोऱ्यातून उतरतो. गार झाला की त्याचा गोळा होतो, आणि मग गव्हापासून सगळी मेहनत मातीत. हे तिला माहीत होतं, छबूला माहीत होतं, आणि सुंदरबाईला माहीत आहे हेही छबूला माहीत होतं.

"गार व्हायलाय," ती म्हणाली.

"काय, आत्या?"

"आगं, चीक गार व्हायलाय तिचा!" आणि सुंदरबाई निघाली. चपला घातल्या नाहीत. गल्लीला वळसा घालून, वाटेतल्या बायांना "बाजूला व्हा" म्हणत ती पलीकडच्या दारातून आत शिरली. वैष्णवी फोनवर सासू दिसायची वाट बघत होती, तेवढ्यात ती दिसलीच.

"बसलीस काय अशी? भर तो सोऱ्या!" सुंदरबाई म्हणाली.

चार वर्षांतलं पहिलं वाक्य ते. छबुबाईनं वर पाहिलं. मांडीवरच्या सोऱ्याला तिनं लगेच हात घातला, पण ती छबुबाई होती.

"मीठ टाकलंय बाई मी. वेळेवर."

"बगू." सुंदरबाईनं बोटावर चीक घेऊन चाटला. तो बरोबर होता. तिनं तो नीट चघळला, गिळला, आणि चार वर्षं आत राहिलेला तो शब्दही त्याबरोबर सुटला. "माजं चुकलं, छबू."

छबुबाईनं बाजेवरचं प्लास्टिक सारखं केलं आणि बसायला जागा करून दिली. सुंदरबाईनं सोऱ्या घेतला. पहिली कुरडई वाकडी पडली. दुसरी बरी आली.

अदिबा फोन घेऊन जवळ सरकली. "और जरा पास बैठो ना दोघी," ती कुजबुजली. "लोकं लई खूश हायत."

"ते बंद कर, पोरी," सुंदरबाई म्हणाली. "आमाला बोलायचंय."

अदिबानं फोन बंद करून खाली ठेवला. बघणाऱ्यांच्या पडद्यावर सगळं काळं झालं, आणि कुरडयांची कृती त्यांना अर्धीच मिळाली. पुढं किती तरी दिवस ते विचारत राहिले. त्या सकाळी मात्र वैष्णवीला घरात बसल्या बसल्या भिंतीपलीकडून सासूचा आवाज येत होता, न थांबता, उन्हं डोक्यावर येईपर्यंत. मधे मधे छबूकाकीचा खोडा. त्या दोघी काय बोलत होत्या ते तिला नीट ऐकू आलं नाही, कारण आज कुणीच मोठ्यानं बोलत नव्हतं.