काखेतले पाणी

मराठवाड्याच्या आरमारातले मी शेवटचे जहाज आहे. मित्रांनो, मराठवाड्याला समुद्र नाही, त्यामुळे आरमारही नाही, आणि मी जहाज नसून गुळाची एक जुनी काहील आहे. पण मी पाण्यावर तरंगले आहे, आणि एका साहेबांना घेऊन बुडालेही आहे. एवढे पुष्कळ जहाजांच्याही नशिबी नसते.

माझा जन्म नायगावच्या एका लोहाराकडे झाला. लोखंडी पत्रे रिव्हेटांनी जोडून त्याने मला रुंद आणि उथळ बनवले. तरुणपणी मी गुऱ्हाळावर उसाचा रस उकळला. लोक बोटे चाटत स्तुती करीत. स्तुती गुळाची असे, मी ती माझी समजत असे. पुढे ऊस कारखान्याकडे जाऊ लागला, गुऱ्हाळ बंद पडले आणि मी भंगाराच्या हातगाडीवर चढले. तिथून मला नागाबाईने उतरवून घेतले.

नागाबाई मुखेड तालुक्यातल्या एका तलावावर मासे धरते. तिला होडी हवी होती आणि आठवडी बाजारात होडी मिळत नाही. माझे रिव्हेट झिजले होते, म्हणून वेल्डर खाजाने माझ्या पोटाला आतून-बाहेरून डांबर फासले. "मावशी, दिसायला म्हैस झाली, पर बुडायची न्हाई," तो म्हणाला. त्या दिवसापासून मी होडी झाले.

आता काखेविषयी सांगते. समुद्राला उपसागर असतो, तशी आमच्या तलावाला काख आहे. टेकडीच्या दोन दंडांमधून पाणी आत शिरते. तिथे वारा लागत नाही, कडेला पाणगवत असते, आणि अख्ख्या तलावातले मासे अंडी घालायला तिथेच येतात. गावात तिला काख म्हणतात. सरकारी नकाशात तिला नाव नाही, आणि नाव नसलेली गोष्ट बुजवायला सोपी पडते.

कंत्राटे घेणाऱ्या सिद्रामप्पा गुत्तेदारांना तलावाकाठी मंगल कार्यालय बांधायचे होते. नवरानवरीच्या फोटोत मागे पाणी दिसावे, अशी त्यांची इच्छा. अडचण एवढीच होती, की कार्यालयाच्या जागेवरही पाणीच होते. त्यांनी टिप्पर लावले आणि काखेत मुरूम पडू लागला.

"काख बुजली की अंडी न्हाईत, अंडी न्हाईत की मासं न्हाईत," नागाबाई सुनेला म्हणाली. "मग काय, त्याच्याच कार्यालयात खरकटी ताटं उचलू?"

सून राजकन्या बारावी शिकलेली, म्हणून अर्जांचे काम तिच्याकडे आले. ग्रामसभेत ठराव झाला, भोई वस्तीतल्या घराघरातून सह्या-अंगठे झाले. अर्ज तलाठ्याकडे गेला, तहसीलला गेला, नांदेडला गेला आणि प्रत्येक टेबलावर विसावला. मुरूम मात्र थेट काखेत येत होता. त्याला कुठल्याही टेबलावर थांबावे लागत नव्हते.

शेवटी बायकांनी टिप्परच्या रस्त्यावर जाळी वाळत घातली. टिप्पर आला. नागाबाई जाळ्यावर मांडी घालून बसली होती. चाक तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर थांबले.

"मावशी, जाळं उचला," ड्रायव्हर म्हणाला.

"वाळलं की उचलते."

"कवा वाळंल?"

"काय की बाबा. रोज नव्यानं भिजवायले मी."

ड्रायव्हरने इंजिन बंद केले नाही. ते धडधडत राहिले आणि काठावर पालथा पडलेला माझा पत्राही त्याबरोबर थरथरत राहिला. मग टिप्पर मागे सरकला. त्याच रस्त्यावर रोज सकाळी हाच प्रसंग होऊ लागला, आणि रोज ते चाक थोडे जास्त जवळ येऊन थांबू लागले.

तेवढ्यात निरोप आला, की नांदेडहून मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. सिद्रामप्पांनी वर सांगून ठेवले होते, की काख म्हणजे तलाव नाही, पावसाचे गुडघाभर डबके आहे. साहेबांनीही ते डबके आहे म्हटले, की भराव कायदेशीर होणार होता. सगळे त्या एका पाहणीवर आले होते.

सरपंच व्यंकटरावांनी ही गोष्ट फार मनावर घेतली. पाहणीची नव्हे, साहेबांच्या स्वागताची.

"सायबाला काखेत मधोमध नेऊन पाणी दावायचं," ते म्हणाले, "पर ह्या काळ्या म्हशीत? गावाची काही इज्जत हाय का न्हाई?"

मित्रांनो, मग सगळी वस्ती माझ्यावर तुटून पडली. रॉकेलने भिजवले, विळ्यांनी खरवडले, चिंच आणि राखेने घासले. सगळ्यांत जोरात नागाबाईच घासत होती. संध्याकाळपर्यंत मी अशी चकाकले, की राजकन्येने माझ्यात पाहून केस सारखे केले. मला झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू लावले. इतके कौतुक गुळाच्या दिवसांतही झाले नव्हते. डांबराची आठवण कोणालाच झाली नाही. ज्याला झाली असती तो खाजा मेहुण्याच्या लग्नाला हदगावला गेला होता.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. शाल झाली, श्रीफळ झाले. सरपंचांनी माझ्यात प्लास्टिकची खुर्ची ठेवली, तिच्यावर नवा टॉवेल अंथरला आणि साहेबांना बसवले. "बाई सायबाला भलतंच काहीतरी सांगंल," असे म्हणून सिद्रामप्पाही आत येऊन उकिडवे बसले. नागाबाईने बांबू रेटला आणि आम्ही निघालो.

काठ थोडा मागे पडला, तोच माझ्या पोटात गार लागले. पाणी येत होते, आणि एका नव्हे, अनेक भोकांनी. नागाबाईच्या पायालाही ते कळले. तिने खाली पाहिले नाही. एका भोकावर अंगठा दाबला, दुसऱ्यावर टाच ठेवली आणि बांबू रेटत राहिली. आता मागे वळावे, तर साहेबांनी फक्त काठचे उथळ पाणी पाहिले असे होणार होते. पुढे जावे, तर मी कुठपर्यंत टिकेन हे मलाही सांगता येत नव्हते.

"खोली कुठे आहे ती?" साहेबांनी विचारले.

"म्होरं हाय, सायेब. जरा म्होरं."

"कुठली खोली! समदं गुडघाभर हाय," सिद्रामप्पा म्हणाले. "बेडूक बी पोहत न्हाई हितं, चालत जातो."

तेवढ्यात काठावर एक मोटारसायकल थांबली. लग्नाच्या कपड्यांतला खाजा उतरला आणि माझी चकाकी पाहून जागीच उभा राहिला.

"अरे, डांबर कोन निकाला रे?" तो ओरडला. "मावशी, परत फिरा! डांबर कुठाय?"

काठावरच्या सगळ्या बायकांनी आपापल्या हातांकडे पाहिले. त्यांच्या नखांत ते अजून होते.

"काय म्हणतोय तो?" साहेबांनी विचारले.

"लग्नाला गेलता, सायेब. जेवाय या म्हणत असंल," नागाबाई म्हणाली आणि बांबू आणखी जोरात रेटला.

पाणी खुर्चीच्या पायांवर चढले. आम्ही काखेच्या मधोमध आलो होतो. नागाबाईने बांबू सरळ खाली सोडला. तो बराच आत गेला, पण साहेब नेमके तेव्हा फोन पाहत होते. आणि त्याच क्षणी सिद्रामप्पांचे लक्ष आपल्या बुटांकडे गेले.

"पाणी!" ते किंचाळले आणि ताडकन उभे राहिले.

उथळ काहिलीत उभे राहायचे नसते. मी एका बाजूला कलले, माझ्या काठावरून पाणी आत घुसले आणि आम्ही सगळेच खाली गेलो. खुर्ची तेवढी वर राहिली.

"बुडालो! अगं नागाबाई, धर! मेलो!" गुत्तेदार हातपाय मारत होते. मघाचे डबके त्यांच्या डोक्यावरून जात होते. नागाबाईने बांबू फेकला आणि पोहत जाऊन त्यांच्या सदऱ्याची कॉलर पकडली. साहेब उंच होते. त्यांचे पाय तळाच्या चिखलात रुतले आणि ते गळाभर पाण्यात उभे राहिले. डोक्यावर शाल, शालीवर माझी झेंडूची माळ.

"सिद्रामप्पा," साहेब हळूच म्हणाले, "तुमचा गुडघा नक्की कुठे असतो?"

भराव थांबला. काखेच्या तोंडाशी सरकारी फलक लागला. त्यावर माशांचा उल्लेख नाही, भोई वस्तीचा नाही, आणि राजकन्येच्या अर्जांचाही नाही. 'खोल पाणी. धोका.' एवढेच लिहिले आहे. नागाबाईने अर्थातच त्याच्या खांबाला जाळे वाळत घातले.

मला दोर लावून बाहेर काढले. खाजाने पुन्हा डांबर फासले. फासताना तो अख्ख्या वस्तीला शिव्या देत होता आणि वस्ती ऐकून घेत होती. मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. पण त्यांना चमकवायला घेण्याआधी, त्या कशामुळे टिकून आहेत हे एकदा कोणाला तरी विचारा. तळ्यांच्या बाबतीतही हेच करा. ज्यांचे पाय रोज त्या पाण्यात असतात ते जवळच राहतात. त्यांना विचारायला साहेबांना बुडवावे लागू नये.

यंदा काखेत मासे आले. सिद्रामप्पांचे टिप्पर आता दोन गावे सोडून पलीकडच्या तलावावर जातात. तिथे काहील नाही.