ग्लेनिसमावशीचं बंद घर

"आणि तुमचा भाचाच दारात येऊन उभा राहिला तर?" कोर्टातल्या न्यायाधीश बाईसाहेबांनी चष्म्यावरून विचारलं.

ग्लेनिसमावशी उभी होती. तिची पर्स माझ्या मांडीवर. आई कामावर, मला शाळेची सुट्टी, म्हणून सोबतीला मी. आम्ही तिच्या वरच्याच मजल्यावर राहतो. फुटलेल्या बाटल्या, शिवीगाळ, नशेचा माल न्यायला येणारी माणसं, सगळं आमच्या पायांखालीच चालायचं. एकोणीस वर्षांच्या कीरनने, तिच्या भाच्याने, दोस्तांना घरात घेतलं आणि मावशी स्वतःच्या घरात पाहुणी झाली.

नगरपालिकेच्या वकिलाला अख्ख्या घरालाच टाळं हवं होतं. म्हणजे मावशीही बाहेर! मावशीचं म्हणणं, घर सगळ्यांना बंद करा, फक्त मला राहू द्या.

"दार उघडणार नाही, कशावरून?"

"बाईसाहेब, मी हिच्या शाळेच्या खानावळीत जेवण वाढते. अख्खी शाळा रोज 'अजून थोडे चिप्स' म्हणते. विचारा या पोरीला, कधी दिलेत का?"

"कध्धीच नाही!" मी ओरडलेच. वकीलसुद्धा हसला.

बाईसाहेब हसल्या नाहीत. "तीन महिने तुमच्याखेरीज जो आत शिरेल, त्याला अटक. तुम्ही कुणाला आत घेतलंत, तर घर तुम्हालाही बंद. भाच्याला सूट द्यायची?"

कीरन मागच्या बाकावर होता. त्याची आई, म्हणजे मावशीची बहीण, गेल्यापासून मावशीनेच वाढवलेला. तिने वळून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"नको."

आवाज जरासुद्धा हलला नाही. माझा असता तर केव्हाच फुटला असता!

मावशीला घर मिळालं. दारावर हुकूम चिकटला.

रविवारी मी जिना उतरत होते, तर खाली मावशीच्या दारात कीरन. "मावशे, गारठलोय गं. पाचच मिनिटं."

"पाच मिनिटांत तू तुरुंगात आणि मी रस्त्यावर. थांब तिथंच."

दार लागलं. तो मान खाली घालून वळला, तेवढ्यात ते पुन्हा उघडलं. मावशीने भाजलेलं मटण आणि बटाटे वाढलेलं ताट त्याच्या हातात दिलं. मग आतून खुर्ची ओढत आणली, उंबऱ्याला टेकवली आणि आपलं ताट मांडीवर घेऊन बसली.

"निवतंय. खा."

तो पायरीवर बसला. मला बाहेर जायचं होतं, पण त्या दोघांच्या मधून कशी जाणार? मी पाय न वाजवता परत वर गेले.