शॉमबर्गचा मिनोटॉर

मी एक जुना मुखवटा आहे. अर्धा बैल आणि अर्धा माणूस अशा एका राक्षसाचं डोकं. तुम्हाला मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, पण तुमच्यावर माझा फारसा विश्वास नाही. मी तुमच्यासारखे पुष्कळ प्रेक्षक पाहिले आहेत. राक्षस मेला की तुम्ही टाळ्या वाजवता आणि लगेच चहाच्या रांगेत जाऊन उभे राहता.

माझा जन्म २००२ सालच्या जुलै महिन्यात झाला. शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये, एका अपार्टमेंटच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी मुलांचं नाटक असतं. मुलं शाळेत ग्रीक पुराणं शिकतात, तर तीच मराठीत करू, असं नाटक बसवणाऱ्या शैलजामावशींनी त्या वर्षी ठरवलं. त्यांनी संवाद लिहिले आणि मुलांना वाचता यावेत म्हणून ते सगळे इंग्रजी अक्षरांत उतरवून दिले.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तरी माझ्या बाजूने एकदा ऐका. क्रीट बेटाच्या मिनोस राजाने समुद्रदेवाला एक बैल अर्पण करायचं कबूल केलं आणि ऐनवेळी तो स्वतःच ठेवून घेतला. देव कोपला. राणीला बैलाच्या डोक्याचं मूल झालं, तोच मिनोटॉर. राजाने त्या पोराला भुलभुलैयात कोंडलं आणि खायला म्हणून माणसांची मुलं आत सोडली. पुढे थीसियस नावाचा राजपुत्र दोरा धरून आत शिरला, त्याने पोराला ठार मारलं आणि तो वीर म्हणून बाहेर आला. म्हणजे चूक केली एकाने, भोगली दुसऱ्याने आणि शाबासकी पटकावली तिसऱ्याने.

थीसियस कोण होणार, हा प्रश्नच नव्हता. मंडळाचे अध्यक्ष श्रीरंगकाका. तालमी त्यांच्याच बेसमेंटमध्ये, वडापावही त्यांच्याकडचे. तेव्हा वीर झाला त्यांचा तेरा वर्षांचा ऋषी. मिनोटॉर व्हायला मात्र कोणी तयार होईना. शेवटी अकरा वर्षांच्या हिमानीने हात वर केला. तिला डरकाळी फोडायची हौस होती, दुसरं काही नाही.

हिमानीच्या बाबांनी, म्हणजे अनिलने, मला बनवलं. अनिल नागपूरचा. त्याला बैल एकच ठाऊक, पोळ्याचा. कॉम्प्युटरच्या रिकाम्या खोक्यावर त्याने जाहिरातींचे कागद मैद्याच्या खळीने चिकटवले, शिंगांना भेटवस्तूंचा सोनेरी कागद गुंडाळला, कपाळाला बाशिंग बांधलं आणि लांब पापण्यांचे डोळे काढले. चार संध्याकाळी तो माझ्यावर वाकून बसला होता. त्याच्या हातात माया होती, हे मी कबूल करतो. पुढे त्याच्याविषयी मी जे सांगणार आहे, ते ऐकताना हे लक्षात असू द्या.

हिमानीने मला पाहिलं आणि ती कपाळाला हात लावून बसली. "बाबा, he eats people! हा तर लग्नाला निघालाय."

मग तिने स्वतःच्या हाताने माझं बाशिंग उपटलं, काळ्या रंगाचा अख्खा डबा माझ्यावर ओतला आणि डोळे लाल केले. जन्मल्यावर पाचव्या दिवशी मी राक्षस झालो. अनिलला वाईट वाटलं, पण तो हसला. तो नेहमी हसायचा, ती त्याची सवय होती.

तालमी सुरू झाल्या. ऋषीच्या हातात त्याच्या वडिलांनी आणलेली लाकडी तलवार होती. प्रसंग असा, की थीसियसने तीन वार करायचे आणि तिसऱ्याला मिनोटॉरने पडायचं. वार लुटुपुटीचे असतात, हे सगळ्यांना माहीत होतं. ऋषीला ते माहीत असूनही त्याने पहिल्याच दिवशी तलवार दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या उजव्या कानावर हाणली. माझ्या आत हिमानीचा कान होता. पुठ्ठा तो कितीसा जाड! ती आतल्या आत कळवळली.

"लागलं!" ती ओरडली.

"अगं, राक्षस असा रडतो का?" श्रीरंगकाका सोफ्यावरून हसत म्हणाले. "फुल एनर्जी पाहिजे, ऋषी. मस्त!"

शैलजामावशी पुटपुटल्या, "हळू रे जरा." पण बेसमेंट त्यांचं नव्हतं. अनिल जिन्याच्या पायरीवर बसला होता. त्याने सगळं पाहिलं होतं. तो हसला.

त्या वीराविषयी मला काय वाटत होतं, ते मुलांच्या गोष्टीत लिहिण्यासारखं नाही. दर शनिवारी तो मला बडवायचा. हिमानी सावध असेल तेव्हा मारायचा नाही, पाठ वळली की मारायचा. तलवार, टाळ्या आणि वडील, तिन्ही त्याच्याकडे होती.

हिमानीची आई सुमित्रा तेव्हा तिच्या आजारी वडिलांपाशी नागपूरला गेली होती. घरात दोघंच. गाडीतून परत येताना हिमानी म्हणाली, "बाबा, तुम्ही काकांना सांगा ना. He does it on purpose."

"दोनच आठवडे राहिलेत, बेटा. जमवून घे."

"मग मी नाटक सोडते."

"आता सोडलं तर काका चिडतील. ते माझे बॉस आहेत गं. ग्रीन कार्डचे पेपर त्यांच्या सहीने जातात. ऑफिसात दर महिन्याला लोक काढतायत. माझी नोकरी गेली की आपल्याला सगळं गुंडाळून परत जावं लागेल. समजतंय ना?"

अकरा वर्षांच्या मुलीला ते समजलं, हेच वाईट झालं. घरी गेल्यावर अनिलने भांडी घासायचे नवे स्पंज कापले आणि माझ्या आत चिकटवले. पुढच्या शनिवारी ती पुन्हा कळवळली, तेव्हा त्याने जुना टॉवेल शिवला. मग बबल रॅप. माझं वजन दुप्पट झालं, हिमानीची मान दुखायला लागली. मला जाड करणं त्याला जमत होतं. चार पायऱ्या उतरून "ऋषी, बस" एवढं म्हणणं त्याला जमत नव्हतं. मला ऋषीचा राग होताच, पण खरं सांगतो, त्याहून जास्त राग मला या स्पंज चिकटवणाऱ्या माणसाचा यायला लागला.

सप्टेंबरात प्रयोग झाला. एका हायस्कूलचं सभागृह, तीनशे माणसं, पुठ्ठ्याचा भुलभुलैया. ऋषीने पहिला वार केला, माझं डावं शिंग मोडलं. दुसरा त्याच उजव्या कानावर बसला. तिसऱ्या वाराला तिने पडायचं होतं. ती पडली नाही. तिने तलवार हवेत धरली, हिसकावून मागे फेकली, मान खाली घातली आणि माझं उरलेलं शिंग पुढे करून थेट ऋषीच्या पोटात मुसंडी मारली. थीसियस उताणा पडला. भुलभुलैया त्याच्यावर कोसळला. "आई!" असा त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. ग्रीक पुराणात असं कुठेही लिहिलेलं नाही. सभागृह हसून हसून लोळलं, आणि माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यासाठी वाजलेल्या त्या एकमेव टाळ्या. मला त्यांचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

विंगेत श्रीरंगकाका लालबुंद होऊन उभे होते. "अनिल, हे काय आहे? तीनशे लोकांसमोर? मुलीला काही वळण आहे की नाही?"

हिमानीने मला डोक्यावरून काढलं. तिचा कान सुजून जांभळा झाला होता. तिथे असलेल्या प्रत्येकाला तो दिसला. शैलजामावशींनी तोंडावर हात ठेवला. अनिलनेही पाहिला. तो दोन पावलं पुढे आला. हिमानीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. आता बाबा बोलणार, असं तिला वाटत होतं. मलाही वाटलं.

"हिमानी," अनिल म्हणाला, "काकांना आणि ऋषीला सॉरी म्हण."

ती सॉरी म्हणाली. दोघांनाही, नीट, वेगवेगळं. मग मला काखेत धरून ती गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली.

त्यानंतर मी गॅरेजमध्ये पडलो. पुढे त्यांनी घर घेतलं, तेव्हा नव्या गॅरेजमध्ये पडलो. ओल आली, बुरशी आली, उंदरांनी माझ्या आतला टॉवेल आणि स्पंज खाल्ले, बबल रॅपही कुरतडून टाकला. हिमानी मोठी होत गेली. तिने बाबांशी भांडण कधी केलं नाही. फक्त काही झालं की ती त्यांना सांगायची नाही. शाळेत कुणी छळलं, गाडी ठोकली, मैत्री तुटली, ते अनिलला इतरांकडून कळायचं. तो गॅरेजमध्ये येऊन उगाच खोकी इकडची तिकडे करायचा. एकदा मंडळाला यमाच्या रेड्यासाठी डोकं हवं होतं. आमचा मुखवटा मोडलाय, असं सांगून त्याने फोन ठेवला.

२००८ च्या वसंतात ग्रीन कार्ड आलं. अनिलने श्रीरंगकाकांच्या घरी पेढे नेऊन दिले. ऑगस्टमध्ये हिमानी युनिव्हर्सिटीला निघाली. रिकामी खोकी शोधायला ती गॅरेजमध्ये आली आणि तिच्या हाताला मी लागलो. तिने मला कचऱ्याच्या डब्याकडे नेलं, इतक्यात अनिल दारात आला.

"थांब," तो म्हणाला. त्याने मला तिच्या हातातून घेतलं आणि बुरशीसकट स्वतःच्या डोक्यात घातलं. "तो झाडूचा दांडा घे. मार."

"बाबा, stop it. घाण आहे ते."

"मार म्हणतोय ना. उजव्या बाजूला."

तिने दांडा उचलला आणि मारला. लुटुपुटीचा नव्हता तो वार. माझ्या आत आता काही उरलं नव्हतं, सगळा त्याच्या कानावर बसला. तो गुडघ्यांवर आला.

"सॉरी गं," तो माझ्या आतून म्हणाला. "तेव्हा मी बोलायला हवं होतं."

"काढा ते," हिमानी म्हणाली. "तोंड दाखवून म्हणा."

त्याने मला काढलं, जमिनीवर ठेवलं आणि तिच्या डोळ्यांकडे पाहून पुन्हा तेच म्हटलं. तिने ऐकून घेतलं. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. खोकी उचलून ती गाडीकडे गेली, आणि थोड्या वेळाने अनिल उरलेली खोकी घेऊन तिच्यामागे गेला.

मित्रांनो, मला जपा, पुसा, कपाटात ठेवा, असली विनवणी मी करणार नाही. मी पुठ्ठा आहे, मला फेकलं तरी चालेल. पण तुमच्या घरातलं कुणी "लागलं" म्हणालं, तर त्याला सोसायला शिकवू नका. उठा, आणि मारणाऱ्याचा हात धरा.